डाव्या हाताचे टाके

२ फेब्रुवारी

वर काय म्हणून लिहायचं ते ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. अकरा वर्षांनी पत्र लिहिताना निदान मायना तरी चुकू नये.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही, हे आधीच सांगते. तुझ्या भाचीने हट्ट धरला. "मावशीला दोन ओळी लिही," असं आठ दिवस रोज जेवताना चाललं होतं. काल तिने कागद आणले, पाकीट आणलं, तिकिटं आणली, आणि पाकिटावर तुझा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला. कुठेही न बघता. तोही जुना नाही, दोन वर्षांपूर्वी तू बदललेल्या घराचा, मजल्यासकट. तू घर बदललंस हे मलासुद्धा तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. मी विचारलं, तुला गं कुठून माहीत? म्हणाली, असंच ऐकलं कुठेतरी. पत्ता असाच कोणी ऐकतं का? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी इथे तीन आठवड्यांसाठी आले होते. ये, जरा फिर, आराम कर, आयुष्यभर मशीनच चालवलंस, असं लेकीने आणि जावयाने दोघांनी मिळून फोनवर सांगितलं होतं. आज पाचवा आठवडा संपला. परतीचं तिकीट दोनदा पुढे गेलं. पहिल्यांदा कारण दिलं की प्रवासाला हवा चांगली नाही. दुसऱ्यांदा म्हणे जावयाला सुट्टी मिळणार आहे, सगळे मिळून कुठेतरी जाऊ. सुट्टी काही मिळाली नाही. फिरायला म्हणून आलेल्या बाईने आजवर काय पाहिलं, तर एक नदी, दोन पूल आणि तळघरातलं कपडे धुवायचं यंत्र.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, त्यातली अरुंद माझी. खिडकीखाली ट्रामचा थांबा. लिफ्टमध्ये एक न दिसणारी बाई बोलते. मजला सांगत असेल, पण मी तिला उत्तर देत नाही. कचऱ्याचे चार डबे आहेत आणि चहाची पिशवी कुठल्या डब्यात, कागद कुठल्या, यावरून जावई मला इतक्या गोड आवाजात समजावतो की मला त्याचाच संशय येतो. एवढं गोड कोणी उगाच बोलत नाही.

तू म्हणशील, ताईला संशयाशिवाय अन्न पचत नाही. पण ऐक. मी खोलीत गेले की दोघांचं बोलणं थांबतं. दर मंगळवारी दुपारी दोघं एकत्र बाहेर जातात, कामाचं आहे म्हणतात, आणि परत आली की तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. त्याचं काम पुलांचे आराखडे काढायचं, तिचं दातांच्या कवळ्या बनवायचं. या दोघांना मिळून कुठलं काम असणार? तो तिला दुधाची पिशवीसुद्धा उचलू देत नाही. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणावं तर ताटही तोच धुतो.

मला वाटतं, प्रश्न माझ्या घराचा आहे. खाली दुकान, वर खोली, एवढंच तर माझं आहे. ते विकून टाकायचं आणि मला इथे अडकवून ठेवायचं, असा काहीतरी बेत शिजतोय. घराचंही मला एवढं नाही. पण ही एकच पोर मला उरली आहे. हिचे बाबा गेले, तू गेलीस, आता हीच जर तोंडावर एक आणि मनात एक ठेवायला लागली, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं म्हणतात. हिचा तर धंदाच दातांचा.

बाकी ठीक. एकोणीस वर्षं आपण दोघींनी ते दुकान चालवलं, आणि त्या नवरीच्या ब्लाऊजचं तू जे केलंस ते मी विसरलेली नाही. पण आता ते राहू दे.

पाकीट चिकटवून वर दोऱ्याने शिवलं आहे. मध्ये कोणी उघडलं तर टाक्यांवरून तुला कळेल. शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. असला तर असू दे.

११ फेब्रुवारी

तुझं उत्तर येईल अशी मी वाट बघत नाहीये. पहिलं पत्र अजून पोचलंही नसेल. पण लिहायला बसलं की वेळ जातो, आणि या घरात खरं बोलायला मला कागदच सापडला.

ट्राम मला आता जमते. दार आपोआप उघडत नाही, हिरवं बटण दाबावं लागतं. पहिल्या दिवशी हे माहीत नव्हतं, म्हणून मी दारापाशी मुकाट उभी राहिले आणि तीन थांबे पुढे गेले. परत चालत आले. कुणाला सांगितलं नाही. त्या चालण्यात मला कोपऱ्यावरचं दुकान दिसलं. बारकं, काचेचं, आणि दारावर कात्रीचं चित्र. आत एक म्हातारा दिवसभर शर्टांच्या कॉलरी उलटवून लावतो. झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. मी त्याचं नाव कॉलरवाला ठेवलं आहे.

चार दिवस मी काचेबाहेर उभं राहून त्याचे हात बघितले. पाचव्या दिवशी त्याने दार उघडलं, एक कोट माझ्या पुढ्यात टाकला आणि सुई दिली. भाषा त्याची मला येत नाही, माझी त्याला येत नाही. मी कोटाची खालची दुमड घातली. त्याने कोट उचलला आणि आधी उलटी बाजू बघितली. उलटी बाजू आधी बघणारा माणूस मला आवडतो. तेव्हापासून रोज दहा ते एक मी तिथे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते, बटणं लावते, अस्तरं शिवते. परक्या गावात माझं बूड तिथे टेकलं. लेकीला सांगितलं तर तिचा चेहरा एकदम पडला. "त्याच दुकानात?" म्हणाली. मग लगेच हसून, चांगलं आहे, तुझा वेळ जाईल. आईने दोन बटणं लावली तर यात चेहरा पडण्यासारखं काय आहे?

आता मूळ गोष्ट. माझ्या खोलीत एक राखाडी पडदा आहे. सकाळी जाग आली की पलंगावरून त्याचा खालचा काठ दिसतो. महिनाभर तो काठ मला टोचत होता आणि का ते कळत नव्हतं. सोमवारी उठून उलटा केला. हाताने घातलेली दुमड, बारीक, एकसारखी, आणि टाके उलट्या बाजूला कललेले. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे शिवत जाते. हे टाके डावीकडून उजवीकडे गेलेले. सुरुवातीला गाठ नाही. गाठीच्या जागी एकावर एक तीन बारीक टाके.

जगात डावखुऱ्या बायका पुष्कळ असतील. गाठ न मारणाऱ्याही असतील. पण तुला नऊ वर्षांची असताना शिवण मी शिकवली. शेजारी बसून दाखवलं की तुझं सगळं उलटं व्हायचं, म्हणून मी तुझ्यासमोर बसायला लागले, आरशात बघावं तसं तू माझं बघून करायचीस. गाठ दिसते, गाठ मारू नकोस, तीन टाके घे, हेही मीच सांगितलेलं.

लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, पडदा छान आहे, कुणी शिवला? म्हणाली, दुकानातून तयार आणला. माझ्याकडे न बघता म्हणाली. तयार पडद्याला मशीनची टीप असते एवढं शिंप्याच्या पोरीला कळू नये? लोकांचे खोटे दात बनवते, पण खोटं बोलायचा तिला अजिबात सराव नाही.

मग मंगळवारी दोघं बाहेर गेल्यावर मी घर उलटं केलं. उशांचे अभ्रे, जावयाच्या तपकिरी कोटाचं अस्तर, बाजाराच्या पिशवीचा बंद, गरम भांडी धरायचा हातमोजा. सात वस्तू सापडल्या, सातही त्याच हाताच्या. पाहुणीने दोन दिवसांत केलेलं काम नव्हे हे. निदान दोन-तीन महिने कोणीतरी या घरात बसून फाटेल ते शिवत होतं.

सरळ विचारते. मागच्या वर्षी तू कुठे होतीस?

१९ फेब्रुवारी

उत्तराची गरज उरली नाही. तू इथे होतीस.

आज दुकानात माझी कात्री बोथट झाली. मी कॉलरवाल्याला खूण केली, तर त्याने भिंतीवरच्या खिळ्याची एक कात्री काढून दिली. माझ्या हातात ती कापेचना, कापड पात्यांत दुमडायला लागलं. बघते तर डाव्या हाताची कात्री. मुठीला निळी पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी मी गुंडाळली होती, तुझ्या अंगठ्याला घट्टा पडायचा म्हणून. दुकान सोडून गेलीस त्या दिवशी तू एवढीच वस्तू उचलली होतीस.

म्हातारा हसायला लागला. आधी माझ्या नाकाकडे बोट केलं, तुझंही तसंच ना, मग हाताने माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी उंची दाखवली, मग स्वतःचा डावा हात हलवला, आणि शेवटी मी बसले होते ती खुर्ची दाखवली. तीच. इतके दिवस मी तुझ्या खुर्चीत बसून तुझ्या खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते की या गावात माझी अशी एक जागा झाली.

मी कात्री ठेवली आणि घरी आले. लेक कामावर होती ते बरं झालं.

म्हणजे हिचं लग्न झाल्यावर चार वर्षं मी म्हणत होते, येऊ का, येऊ का, आणि ही म्हणत होती, घर लहान आहे, सुट्टी नाही, पुढच्या वर्षी ये. आणि त्याच लहान घरात तू दोन-तीन महिने राहिलीस. माझ्या खोलीत झोपलीस. पडदे शिवलेस. माय मरो पण मावशी जगो, असं आपण चेष्टेत म्हणायचो. मी अजून मेले नाहीये, धाकटे. जरा थांबायचं होतंस.

मला ब्लाऊज फसल्याचं एवढं लागलं नव्हतं जेवढं हे लागलं. तू माझी पोर माझ्या पाठीमागे नेलीस. ती रोज संध्याकाळी दार लावून कोणाशी तरी हळू आवाजात बोलते, ती तुझ्याशीच असणार. माझी थट्टा करता का? आईने आज पडदा तपासला, आईने आज लिफ्टवालीला उत्तर दिलं नाही? अकरा वर्षं बोलली नाहीस ते चाललं असतं. दुकान उघडून माझी गिऱ्हाइकं नेली असतीस तरी चाललं असतं. ही एकच पोर होती माझी.

हे पत्र टाकायचं की नाही ते उद्या बघते. जावयाला सांगून परतीचं तिकीट मात्र काढायला लावणार आहे.

२७ फेब्रुवारी

मागचं पत्र टाकलं नाही. तिकिटाचंही बोलले नाही. का, ते लिहिते.

काल इस्त्रीच्या टोपलीत तिचा निळा सुती कुर्ता होता, मीच तिच्या लग्नाच्या वेळी शिवून दिलेला. गळ्याचं बटण लोंबत होतं. बटण लावायला घेतला आणि सवयीने उलटा केला.

माझी टीप मला ओळखू येते. दोन्ही बाजूंना मी दोन-दोन बोटं माया आत सोडली होती, पुढेमागे सैल करता यावा म्हणून. ती टीप उसवलेली होती. तिच्या बाहेर, एक बोट सोडून, सुईच्या भोकांची एक ओळ. त्या ओळीच्या बाहेर, अगदी कडेला, आणखी एक ओळ. दोन्ही ओळींतले टाके काढलेले, पण जुन्या सुती कापडात भोकं बुजत नाहीत. आणि आता जी शिवण आहे, ती माझ्या मूळ टिपेच्याही अर्धा बोट आत. सगळं तुझ्या हाताचं.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकदा सैल केलास. मग पुन्हा सैल केलास, होती नव्हती तेवढी माया संपवून. फक्त कमरेपाशी आणि पोटापाशी. काखेत आणि खांद्याला हातही लावलेला नाही. जेवणाने अंग सुटलं तर दंड सुटतात, पाठ सुटते. हे तसं नव्हतं. इतक्या वर्षांत मी किती बायकांचे कपडे असे सैल करून दिले. पाचवा संपून सहावा लागला की मी एवढंच सोडत असे.

आणि मग आत घेतलास. होती त्याहून बारीक झाली होती ती.

या घरात मूल नाही. पाळणा नाही, दुपटं नाही, एखादा झबल्याचा तुकडा नाही. मी सगळं उलटंपालटं करून बघितलेलं आहे, मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी चार महिने तिचा चेहरा मला दिसला नव्हता. फोनचा कॅमेरा बिघडलाय, आई, नुसतं बोलू. आणि मी काय म्हणाले असेन? नवा फोन घ्यायला काय धाड भरली आहे, आईला तोंड दाखवायची लाज वाटते का. असंच म्हणाले. मला शब्द आठवतात.

मी तो कुर्ता होता तसा घडी करून ठेवला. ती घरी आली तेव्हा मी काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ पुरावा होता आणि विचारायची हिंमत नव्हती.

४ मार्च

धाकटे,

आता मायना सुचला. पहिल्या पत्रातली मोकळी जागा तूच भरून घे.

परवा मंगळवार होता. दोघं बाहेर जाऊन आली आणि या वेळी गप्प बसली नाहीत. जावयाने चहा केला. लेक खोलीत गेली आणि तोच निळा कुर्ता घेऊन आली. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आई, हा जरा सैल करून देशील?"

मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांनी माप घेणारी बाई मी, दारातून आलेल्या गिऱ्हाइकाची कंबर सांगणारी. दोन महिने एका घरात राहून मला दिसलं नाही, कारण मी तिच्या तोंडाकडे बघत होते, खोटं कुठे सापडतं ते शोधत. चौथा महिना लागलाय. दर मंगळवारी दवाखान्यात तपासायला जात होती. जावई दुधाची पिशवी का उचलू देत नव्हता ते कळलं, आणि मी त्याला काय काय म्हटलं तेही आठवलं.

मग तिने मागचं सांगितलं. तिसऱ्याच महिन्यात डॉक्टरांनी पलंगावरून उठू नकोस म्हणून सांगितलं होतं. जावयाला रजा नव्हती. तिने तुला फोन केला आणि तू दहा दिवसांत आलीस. सहाव्यात गेलं. मुलगी होती. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती, आणि मला वाटलं आता मी काहीतरी बोलायला हवं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा धंदा. मी म्हणाले, मला का नाही बोलावलंस?

"मला तूच हवी होतीस, आई," ती म्हणाली. "पण तू दारातून आत येऊन पहिलं विचारलं असतंस, हे कोणी बेतलं?"

तिने आवाज चढवला नाही. माझ्या मांडीवर तो कुर्ता होता आणि मला तो धरवेना.

दुकानात कापड फसलं की मी हेच विचारत असे ना? हे कोणी बेतलं? बाही आखूड झाली, गळा फाकला, की आधी तेच. दुरुस्त कसं करायचं ते मागाहून. शिकायला येणाऱ्या पोरी कापायला कात्री धरायलाच धजत नसत. त्या दिवशी नवरीची आई समोर उभी होती, हातात तो ब्लाऊज, नवरीच्या आजीच्या जुन्या रेशमातून काढलेला, दुसरं कापड जगात नाही असा. छातीला दीड इंच कमी. सहा पोरी बघत होत्या. माझी लेक, तेव्हा सतरा वर्षांची, बटणांच्या डब्याशी बसली होती. मी तुझ्याकडे बघून विचारलं, हे कोणी बेतलं? तू एक क्षण माझ्याकडे बघितलंस, कात्री उचललीस आणि गेलीस.

धाकटे, मी बेतला होता.

तुला माहीत आहे. लेकीलाही माहीत होतं, तिने परवा सांगितलं. तिने आदल्या दुपारी मला खडू मारताना बघितलं होतं. मलाच काय ते माहीत नव्हतं, असं मी अकरा वर्षं धरून चालले. पण ज्या डोळ्यांनी मी पडद्याचे टाके ओळखले, त्याच डोळ्यांसमोर त्या रेशमावरची खडूची रेघ होती. डाव्या हाताची रेघ सुरुवातीला जाड असते की शेवटी, हे मला तेव्हा कळत नव्हतं का? माझीच रेघ होती. माप लिहिताना मी चुकले होते. नवरीची आई ओरडत होती, मी घाबरले, आणि तोंडातून सवयीचं वाक्य निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे घेता आलं नाही. नंतर जो तो मला फसवतोय असं मला वाटायला लागलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मी चुकले. तोंडावर म्हणायला हवं होतं, ते लिहून म्हणतेय, तेवढं चालवून घे.

लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली. तीन आठवडे म्हणून मला बोलावलं ते बघायला, की आपल्याला एका घरात राहता येतं का. माझी परीक्षा चालली होती, हा माझा संशय तेवढा खरा निघाला. तिकीट दोनदा पुढे ढकललं कारण दोनदा सांगायचं ठरवलं आणि धीर झाला नाही. मी विचारलं, आता कसा झाला? म्हणाली, गेले चार दिवस तू काहीच विचारलं नाहीस. कुर्त्याची घडी वेगळी होती, मी ओळखलं की तू उलटा करून बघितलास, आणि तरी तू विचारलं नाहीस.

शिंप्याच्या पोरीला घडी बरी कळते.

आणि म्हणाली, मावशीला तुझी दोन पत्रं मिळाली. ती फोनवर हसत होती, म्हणाली, तुझ्या आईने पाकीट शिवून पाठवलंय. तिने ते फाडलं नाही म्हणे, टाके उसवून दोरा जपून ठेवलाय. हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला कोण जाणे, दोघांनाही कळलंच.

मी १९ तारखेचं पत्रही याच पाकिटात घालते आहे. त्यात तुला वाईटसाईट बोलले आहे. लपवून ठेवणार नाही. वाच, आणि मग मनाला येईल ते कर.

आता कामाचं. सहावा महिना मेच्या सुरुवातीला लागतो. डॉक्टर सगळं ठीक म्हणतात, पण ती मधूनच बोलता बोलता थांबते आणि पोटावर हात ठेवते, आणि तेव्हा तिची नजर तुझी वाट बघते, माझी नाही. त्याचा राग येत नाही मला. येतो थोडा. पण त्या दिवसांत तू तिच्याजवळ होतीस, तिला ठाऊक आहे की तू काही न विचारता बसून राहतेस. मला ते अजून शिकायचं आहे. एकटी मी पुरणार नाही.

माझा पलंग तू घे, मला जमिनीवर झोप लागते. तुझी कात्री खिळ्यावर आहे. कॉलरवाला ती कुणाला देत नाही, मलाही दिली ती गंमत म्हणून. काल मी त्याला खुणेने सांगितलं की ती बुटकी येणार आहे. त्याने आतून आणखी एक खुर्ची काढली आणि माझ्या शेजारी ठेवली. मी ती उचलून समोर ठेवली.

निळ्या कुर्त्याची डावी बाजू मी सैल करून पक्की शिवली, तुझ्याच जुन्या भोकांतून. उजवी बाजू नुसती कच्च्या दोऱ्याने टाचून ठेवली आहे, ती तुझी. लेक रोज तोच कुर्ता घालून कामावर जाते, आणि कच्चा दोरा किती दिवस टिकतो ते तुला सांगायला नको.

ताई